वैकोमचा बोटधक्का : जलमार्ग, रस्ता आणि प्रवेशाचा प्रश्न

केरळ राज्यातील कोट्टायम जिल्ह्यात वेंबनाड या विस्तीर्ण खाजण सरोवराच्या पूर्व काठावर वैकोम हे गाव वसलेले आहे. महादेवाचे प्राचीन मंदिर आणि तेथील अष्टमीचा उत्सव यांमुळे ते दक्षिणेत सर्वपरिचित आहे. आधुनिक भारताच्या सामाजिक इतिहासात मात्र त्याचे नाव १९२४-२५ च्या सत्याग्रहामुळे नोंदले गेले. त्या सत्याग्रहाविषयी पुष्कळ लिहिले गेले असले तरी गावाच्या पश्चिमेस असलेल्या बोटधक्क्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. महात्मा गांधी ९ मार्च १९२५ रोजी याच ठिकाणी उतरले. प्रस्तुत लेखात या धक्क्याचे स्थान, त्यामागील जलवाहतुकीची परंपरा आणि धक्क्यापासून मंदिरापर्यंतच्या वाटेला प्राप्त झालेला अर्थ यांचा विचार केला आहे.

आज वैकोमला रेल्वेने किंवा बसने जाता येत असल्यामुळे एखाद्या गावाचे मुख्य प्रवेशद्वार पाण्याच्या बाजूस असू शकते, ही कल्पना सहसा मनात येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती निराळी होती. त्रावणकोर संस्थानाच्या या भागात नद्या, कालवे आणि सरोवरे यांचे जाळे इतके दाट होते की रस्ता बांधावयाचा तर पावलोपावली पूल बांधावा लागे. त्यामुळे माणसे, भात, नारळ, काथ्या, टपाल अशी सर्व वाहतूक पाण्यावरून चाले. वर्कला येथील डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिरुवनंतपुरमकडील कालवे उत्तरेकडील सरोवरांशी जोडले गेले आणि किनाऱ्यालगत एक सलग जलमार्ग सिद्ध झाला. वेंबनाड हा या मार्गातील सर्वांत मोठा जलाशय होय. त्याची लांबी सुमारे ९६ किलोमीटर असून कोची येथे तो समुद्राला मिळतो. पेरियार, मुवाट्टुपुळा, मीनच्चिल, मणिमला, पंबा आणि अच्चनकोविल या नद्यांचे पाणी त्यात येते. पावसाळ्यात पाणी गोडे आणि उन्हाळ्यात खारे, हा त्याचा स्वभाव. कोकणातील खाड्यांच्या काठी राहणाऱ्यांस तो नवा वाटणार नाही.

हा प्रवास निर्धोक मात्र नव्हता. थोर मल्याळी कवी कुमारन आशान यांचा मृत्यू १६ जानेवारी १९२४ रोजी पल्लना येथे झाला. कोल्लमहून आळप्पुळ्ळा येथे निघालेली ‘रिडीमर’ ही बोट रात्री उलटली आणि त्यात ते बुडाले. आशान हे नारायण गुरूंचे शिष्य आणि जातिभेदाविरुद्ध लेखणी चालविणारे कवी. त्यांच्या निधनानंतर अडीच महिन्यांच्या आत वैकोमचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या जलमार्गावर समाजाने आपला कवी गमावला त्याच जलमार्गाने पुढे सत्याग्रहाचे नेते ये-जा करीत राहिले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एकत्र मांडलेली सहसा आढळत नाही.

सत्याग्रहाचा प्रश्न मंदिरप्रवेशाचा होता, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. प्रश्न मंदिराभोवतालच्या रस्त्यांचा होता. मंदिराच्या चारही बाजूंस जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांवर ठरावीक ठिकाणी फलक उभारलेले असत. त्यांच्यापुढे इळवा, पुलय आदी जातींच्या माणसांस जाण्यास मनाई होती. ख्रिस्ती आणि मुसलमान तेथून जाऊ शकत, हिंदू म्हणविणाऱ्या अवर्णास जाता येत नसे. या विसंगतीवर टी. के. माधवन यांनी नेमके बोट ठेवले आणि १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये हा विषय नेला. ३० मार्च १९२४ रोजी कुंजप्पी, बाहुलेयन आणि गोविंद पणिक्कर हे अनुक्रमे पुलय, इळवा आणि नायर जातींचे तीन स्वयंसेवक हातात हात घालून फलकापर्यंत चालत गेले आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर हा क्रम ६०३ दिवस चालला.

येथे धक्क्याचे स्थान लक्षात घेतले पाहिजे. सरोवर गावाच्या पश्चिमेस आहे. त्यामुळे बोटीतून उतरलेला प्रवासी साहजिकच मंदिराच्या पश्चिम बाजूकडे चालू लागतो. अंतर फार नाही. आज त्या रस्त्याने जाणाऱ्यास काही मिनिटांत गोपुर दिसते. अस्पृश्यतेच्या नियमांत जातीजातींनी परस्परांपासून किती पावले दूर राहावे याची मोजमापे होती. पाऊणशे माणसांच्या बोटीत अशी मोजमापे कशी पाळावयाची? तिकीट काढून आलेला माणूस धक्क्यावर केवळ प्रवासी असे, पुढे थोड्या अंतरावर फलक येई आणि त्याची जात त्याला परत मिळे. या अल्पशा वाटेत आधुनिक वाहतूक आणि जुनी समाजव्यवस्था यांची गाठ पडत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मल्याळी कालगणनेतील १०९९ सालचा, आजही ‘नव्याण्णवचा पूर’ म्हणून स्मरणात असलेला महापूर आला. वैकोमचे रस्ते पाण्याखाली गेले. सत्याग्रही छातीपर्यंत, प्रसंगी गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले आणि पोलीस होड्यांतून पहारा देऊ लागले. रस्ता राहिला नाही तरी रस्त्यावरची बंदी राहिली! बंदी मातीच्या रस्त्यावर नव्हती, ती माणसांच्या मनात होती, याचा याहून बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

या काळात वैकोम हे अखिल भारतीय केंद्र बनले. तमिळ प्रदेशातून ई. व्ही. रामस्वामी अर्थात पेरियार आले आणि त्यांनी दोनदा कारावास भोगला. पंजाबातून आलेल्या अकालींनी लंगर उघडला. नारायण गुरूंनी सत्याग्रहाश्रमास भेट दिली. नोव्हेंबर १९२४ मध्ये मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली सवर्णांचा एक जथा वैकोमहून तिरुवनंतपुरमपर्यंत पायी गेला आणि पंचवीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन रीजंट महाराणी सेतू लक्ष्मीबाई यांना सादर झाले. तरीही ७ फेब्रुवारी १९२५ रोजी विधान परिषदेत रस्ते खुले करण्याचा ठराव २१ विरुद्ध २२ अशा एका मताने फेटाळला गेला. महाराष्ट्राचाही या प्रकरणाशी संबंध आला. गांधीजींनी विनोबा भावे यांना वैकोमला पाठविले होते आणि विनोबांनी तेथील पंडितांशी संस्कृतात चर्चा केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनातही वैकोमचा उल्लेख येतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २० मार्च १९२७ रोजी झाला.

ठराव फेटाळला गेल्यानंतर महिन्याभरात गांधीजी बोटीने वैकोमला आले. ९ मार्च हा सोमवार होता आणि सोमवार हा त्यांचा मौनाचा वार. मंदिराच्या सवर्ण पक्षाशी चर्चा झाली ती दुसऱ्या दिवशी, इंडंतुरुत्ती मना या नंबुद्री घराण्याच्या वाड्यात. गांधीजी वैश्य असल्याने त्यांना घराच्या आतील भागात न घेता बाहेरच्या ओसरीवरच बसविण्यात आले. सवर्णांचे सार्वमत, पंडितांकडून शास्त्राचा निर्णय आणि लवाद असे पर्याय त्यांनी पुढे केले, परंतु त्यांतील एकही मान्य झाला नाही. पुढील काळात हाच वाडा ताडी काढणाऱ्या कामगारांच्या संघटनेचे कार्यालय झाला. ताडी काढणे हा इळवांचा परंपरागत व्यवसाय हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

गांधीजींच्या या भेटीची एक आठवण साहित्यातही उरली आहे. वैकोमजवळच्या तलयोलपरंबचा एक शाळकरी मुलगा गर्दीतून वाट काढीत त्यांच्या मोटारीवर चढला आणि त्याने त्यांच्या हाताला स्पर्श केला. पुढे वैकोम मुहम्मद बशीर या नावाने ख्यातनाम झालेल्या या लेखकाने हा प्रसंग अनेकदा लिहिला आहे. ज्या गावात स्पर्श आणि सान्निध्य हाच वादाचा विषय होता तेथे एका बालकाला हा स्पर्श जन्मभर पुरला.

सत्याग्रहाचे फलित अपुरे होते. नोव्हेंबर १९२५ मध्ये तो मागे घेतला गेला तेव्हा तीन बाजूंचे रस्ते सर्वांस खुले झाले, पूर्वेकडील वाट मात्र सवर्णांसाठी राखून ठेवण्यात आली. पेरियार यांच्यासारख्यांना ही तडजोड खुपली आणि त्यांची टीका अवाजवी म्हणता येणार नाही. संस्थानातील मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारा जाहीरनामा १२ नोव्हेंबर १९३६ रोजी निघाला.

रस्ते आणि पूल झाल्यावर धक्क्याचे महत्त्व ओसरले, तरी वैकोम ते पलीकडील तवणक्कडवु ही तर बंद पडली नाही. मल्याळममध्ये ‘कडवु’ म्हणजे उताराचे ठिकाण, म्हणजे पैलतीराच्या गावाने आपली ओळख नावातच जपली आहे. १२ जानेवारी २०१७ रोजी याच मार्गावर ‘आदित्य’ ही सौरऊर्जेवर चालणारी ७५ आसनांची प्रवासी बोट राज्य जलवाहतूक खात्याने सुरू केली. देशातील या प्रकारची ती पहिली तर. दोन समांतर कायांवर तोललेली ही बोट उथळ पाण्यात स्थिर राहते आणि डिझेलचा धूर किंवा तवंग मागे ठेवीत नाही. हे दोन्ही गुण या सरोवरास आवश्यक आहेत. वैकोमच्या दक्षिणेस तण्णीरमुक्कम येथे भातशेतीच्या रक्षणासाठी १९७० च्या दशकात बंधारा पुरा झाल्यापासून खाऱ्या-गोड्या पाण्याची नैसर्गिक ये-जा अडली, जलपर्णी वाढली आणि मासे व शिंपल्यांवर जगणाऱ्यांचे नुकसान झाले. २००२ मध्ये वेंबनाडला रामसर यादीत स्थान मिळाले, पण त्याच वर्षी २७ जुलै रोजी मुहम्माहून कुमारकम या पर्यटनग्रामाकडे जाणारी खात्याची बोट उलटून २९ प्रवासी मरण पावले. त्यांत नोकरभरतीच्या परीक्षेस निघालेले तरुण बहुसंख्य होते. कुमारकमची निवासनौकांची जाहिरात पाहणाऱ्या पर्यटकास ही घटना सहसा सांगितली जात नाही.

वैकोमला भेट देणाऱ्या अभ्यासकाने शक्य तर तवणक्कडवुकडून बोटीनेच यावे. पाण्यावरून येताना प्रथम माडांची रांग आणि नंतर धक्का दिसू लागतो. तेथून पूर्वेकडे चालत मंदिराच्या पश्चिम दारापर्यंत जावे, मग चारही रस्ते फिरून पाहावेत. गावात पेरियार यांचे स्मारक असून त्याचे नूतनीकरण होऊन डिसेंबर २०२४ मध्ये केरळ आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत ते खुले झाले. चालून झाल्यावर परतीच्या बोटीची वाट पाहण्यास धक्क्यावरच बसावे. सकाळ-सायंकाळी तेथे शाळकरी मुले, कामावरून परतणाऱ्या स्त्रिया आणि मासळीच्या पाट्या घेतलेली माणसे एकाच रांगेत उभी असतात.