मधले नाव हुसेन

मीरा रोडच्या नयानगरात हुसेन हे नाव घरोघरी सापडेल. नाव ऐकताच घरमालकाने 'फ्लॅट कालच गेला' म्हणणे आपल्याला नवे नाही. म्हणूनच २००८ची अमेरिकन निवडणूक आजही परकी वाटत नाही.

बराक ओबामांचे वडील केनियाचे, ते स्वतः ख्रिस्ती. पण मधले नाव हुसेन. विरोधकांच्या सभांत काही वक्ते तेच ठासून उच्चारत. १० ऑक्टोबरला मिनेसोटातील लेकव्हिलच्या सभेत एक बाई रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना म्हणाल्या, ओबामा अरब आहेत. मॅकेन यांनी माईक परत घेतला आणि सांगितले, नाही, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत. आपल्याच लोकांना असे सांगायला हिंमत लागते. त्याच सभेत त्यांची हुर्योही झाली. पण मग अरब माणूस सभ्य नसतो का?

हा प्रश्न नऊ दिवसांनी टीव्हीवर कॉलिन पॉवेल यांनी विचारला. ते माजी परराष्ट्रमंत्री, कृष्णवर्णीय आणि रिपब्लिकनच. ओबामा मुस्लिम असते तरी काय बिघडले असते? सात वर्षांच्या मुस्लिम मुलाने राष्ट्राध्यक्षपदाचे स्वप्न पाहू नये का? इराकमध्ये मारला गेलेला वीस वर्षांचा सैनिक करीम खान आणि त्याच्या कबरीवरचा चांदतारा यांचीही त्यांनी आठवण दिली.

ओबामांची माणसे तरी कुठे निर्धास्त होती! जूनमध्ये डेट्रॉइटच्या सभेत त्यांच्या स्वयंसेवकांनी दोन हिजाबधारी तरुणींना व्यासपीठामागे, कॅमेऱ्यात दिसतील अशा जागी, बसू दिले नाही. ओबामांनी नंतर फोनवर माफी मागितली. २० जानेवारी २००९ला शपथ मात्र त्यांनी पूर्ण नावाने घेतली.