पडद्यामागच्या माणसाची गुणपत्रिका

वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्याची सवय लागो न लागो, तपासण्याची हमखास लागते. लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा, सभेतल्या पाहुण्यांचे भाषण, शेजारच्या चिरंजिवांचे तबलावादन, काहीही पुढ्यात आले की मनातल्या मनात तांबड्या पेन्सिलीने गुण पडू लागतात. तेव्हा आज मी वाचकांपुढे जी उत्तरपत्रिका घेऊन आलो आहे ती थेट अमेरिकेतली, आणि तीही बास्केटबॉलच्या मैदानावरची आहे, याचे त्यांनी फारसे नवल मानू नये. गंमत अशी की, हा परीक्षार्थी सामन्यात चेंडूला हातसुद्धा लावत नसे. त्याचे नाव जेरी क्राउस. १९८५ पासून २००३ पर्यंत तो शिकागो बुल्स या व्यावसायिक संघाचा जनरल मॅनेजर होता. आपल्या भाषेत सांगायचे तर संघाचा कारभारी.

हा कारभारी करतो तरी काय? जुन्या नाटक मंडळ्यांची आठवण करा. टाळ्या आणि ‘वन्समोअर’ नटांच्या वाट्याला. पण कोणत्या गावातून कोणता पोरगा उचलून आणायचा, कोणाला किती पगार द्यायचा, कोणाला निरोपाचा नारळ द्यायचा, ही उठाठेव पडद्यामागे कोणीतरी करीतच असे. बास्केटबॉलच्या कारभाऱ्याचे कामही तेच. दरवर्षी नव्या दमाचे खेळाडू संघांमध्ये वाटून घेतले जातात. या वाटपाला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, आणि त्यात साधारणपणे दुबळ्या संघांना आधी निवड करता येते. शिवाय इतर संघांशी खेळाडूंची अदलाबदल करायची, पगाराच्या ठरवून दिलेल्या मर्यादेची कसरत सांभाळायची आणि प्रशिक्षक नेमायचा. एवढे करून सामना सुरू झाला की हा गृहस्थ खुर्चीत बसून नखे कुरतडायला मोकळा!

तपासायचे कसे?

संघ जिंकला की खेळाडू थोर आणि हरला की कारभारी नालायक, ही तपासणी फार सोपी आहे. म्हणूनच ती लोकप्रिय आहे. माझ्या मते अशा माणसाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. त्याला आयते काय मिळाले? निर्णय घेताना त्याला काय ठाऊक असणे शक्य होते? आणि ज्यांच्या जिवावर त्याने यश मिळवले ती माणसे त्याने कशी सांभाळली?

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व गणिताच्या परीक्षकांना चांगले कळते. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर ते काही गुण देतात. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पोर्टलँडच्या संघाने मायकेल जॉर्डनला सोडून सॅम बोवी हा उंच खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर निवडला, आणि जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला. जग आजतागायत पोर्टलँडला हसते आहे. पण त्यांच्याजवळ जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीपासून होता आणि गरज होती ती उंच माणसाची. रीतीला गुण द्यायला हवेत. मात्र बोवी कॉलेजात असतानाच पायाच्या दुखापतीने दोन हंगाम बाहेर बसला होता, हेही कागदावर लिहिलेले होते. तेव्हा गुण द्यायचे, पण हात राखून.

आयत्या बिळावरचा नागोबा?

क्राउसवरचा पहिला आरोप हाच. जॉर्डनला निवडले ते त्याच्या आधीचा कारभारी रॉड थॉर्न याने. क्राउस १९८५ च्या मार्चमध्ये आला आणि १९९१ ते १९९८ या काळात संघाने सहा विजेतेपदे मिळवली. ज्याच्या घरात जॉर्डन आहे त्याला आणखी काय हवे? लोक म्हणाले, आयत्या बिळावर नागोबा!

पण आकडे पाहा. जॉर्डनच्या पहिल्या तीन हंगामांत बाद फेरीतले दहा सामने संघाला खेळायला मिळाले. त्यांतला एकच त्याने जिंकला. १९८६ साली बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात जॉर्डनने एकट्याने ६३ गुण केले, आणि संघ हरला. एकटा गवई कितीही चढला तरी तंबोरा आणि तबला बेसूर असेल तर मैफल रंगत नाही, ती ही गोष्ट.

मैफल जमवली ती क्राउसने. १९८७ साली सेंट्रल आर्कान्सासच्या लहानशा कॉलेजातला स्कॉटी पिपेन त्याने हेरला. हा मुलगा कॉलेजात आला तेव्हा संघाचे सामानसुमान सांभाळण्याचे काम करीत होता! पाचव्या क्रमांकावर त्याला सिॲटलने निवडले, पण अदलाबदल आधीच ठरवून क्राउसने त्याला शिकागोत आणले. त्याच दिवशी दहाव्या क्रमांकावर होरेस ग्रँट घेतला. त्याच वर्षी एका दुय्यम लीगमध्ये प्रशिक्षक असलेल्या फिल जॅक्सनला सहायक म्हणून आणले, आणि १९८९ मध्ये डग कॉलिन्सला काढून त्याच्या हाती संघ दिला. १९८८ मध्ये जॉर्डनचा जिवलग सोबती चार्ल्स ओकली न्यूयॉर्कला देऊन त्याने उंच बिल कार्टराइट घेतला, तेव्हा जॉर्डन संतापला. तीन वर्षांनी विजेतेपद मिळाले तेव्हा कार्टराइट मैदानात होता.

याहून मोठा पुरावा १९९३ सालचा. त्या वर्षी जॉर्डन अचानक निवृत्त झाला. आधीच्या हंगामात संघाने ५७ सामने जिंकले होते. जॉर्डनविना किती जिंकावेत? जिंकले ५५! नागोबा निघून गेला तरी बीळ शाबूत होते, मग ते कोणी खणले होते हे सांगायला नको.

आणि १९९६ साली ७२ सामने जिंकून फक्त १० हरणारा तो विक्रमी संघ! पहिल्या तीन विजेतेपदांच्या संघातले जॉर्डन आणि पिपेन हे दोघेच त्यात उरले होते. बाकी सारी जुळवाजुळव नवी होती. क्रोएशियाचा टोनी कुकोच क्राउसने १९९० मध्येच, युरोपातल्या खेळाडूंकडे फारसे कोणी पाहत नव्हते तेव्हा, दुसऱ्या फेरीत निवडून ठेवला होता. सगळ्यांनी कानाला खडा लावलेला डेनिस रॉडमन त्याने विल पर्ड्यूच्या बदल्यात घेतला. स्टीव्ह कर आणि रॉन हार्पर हेही त्यानेच आणलेले. १९८८ आणि १९९६ अशी दोनदा त्याला वर्षातील सर्वोत्तम कारभाऱ्याचा मान मिळाला, तो उगीच नव्हे.

उत्तरपत्रिकेची दुसरी बाजू

आता पान उलटू. १९९७ साली फिल जॅक्सनशी करार करताना क्राउसने जाहीर केले की, हे त्याचे शेवटचे वर्ष. पुढचे सारे सामने जिंकले तरी. म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच वरातीत मर्तिकाची सूचना! संघाने तरीही सहावे विजेतेपद मिळवले आणि मग तो विखुरला.

क्राउसच्या बाजूने बोलायचे तर जॉर्डन पस्तिशीला आला होता, रॉडमन सदतिशीला. म्हातारा होत चाललेला संघ वेळीच बदलावा हा विचार काही वेडगळ नाही. शिवाय थैलीची दोरी मालक जेरी राइन्सडॉर्फ यांच्या हातात होती. एकटा कारभारी इतका मोठा वाडा पाडू शकत नाही. रीतीला काही गुण मिळतात. पण वाडा पाडणाऱ्याने नवा बांधून दाखवायला हवा, आणि तिथे काय झाले? पुढच्या पाच हंगामांत विजय ९६, पराभव २८२. २००० च्या उन्हाळ्यात पगाराला पैसा मोकळा असूनही नामांकित खेळाडूंपैकी कोणी शिकागोत आले नाही. सामन्याला सरासरी वीस गुण करणारा तरुण एल्टन ब्रँड २००१ मध्ये देऊन टाकला आणि शाळेतून नुकताच बाहेर पडलेला टायसन चँडलर घेतला. चँडलर चांगला खेळाडू निघाला, २०११ साली विजेत्या संघातही होता, पण तो संघ डॅलसचा! एप्रिल २००३ मध्ये क्राउसने राजीनामा दिला.

तिसरा प्रश्न

क्राउस ठेंगणा आणि स्थूल होता. जॉर्डन त्याच्या शरीरावरून आणि खाण्यावरून चारचौघांत टवाळी करी. ती टवाळी मोठ्या खेळाडूला शोभणारी नव्हती. पण क्राउसलाही श्रेयाची भूक आवरत नसे. विजेतेपदे एकटे खेळाडू आणि प्रशिक्षक मिळवत नाहीत, सारी संस्था मिळवते, अशा अर्थाचे तो बोलला. त्यातला ‘एकटे’ हा शब्द वृत्तपत्रांनी गाळला, अशी त्याची तक्रार होती. शब्दांचा विद्यार्थी म्हणून मला तिच्यात तथ्य दिसते. एका शब्दाने अर्थाचा अनर्थ होतो. तरीही घाम गाळणाऱ्या माणसांसमोर खरे बोलतानाही वेळ पाहावी लागते. कुकोचची त्याने इतकी स्तुती केली की, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये जॉर्डन आणि पिपेन यांनी केवळ क्राउसवरच्या रागापोटी त्या बिचाऱ्या पोराला मैदानात हैराण केले! उत्तम पारखी माणूस, पण पारखलेले रत्न आपल्यावर का रुसले आहे हे त्याला कधी उमगले नाही.

म्हणून माझी गुणपत्रिका अशी. माणसे हेरणे आणि जुळवणे यात विशेष प्रावीण्य. पुनर्बांधणीत अनुत्तीर्ण. लोकव्यवहारात काठावरसुद्धा नाही. एकूण निकाल मात्र प्रथम वर्गाचाच. कारण कारभाऱ्याचे मुख्य काम संघ उभा करणे हे आहे, आणि जॉर्डनभोवती त्याने एकदा नव्हे, दोनदा संघ उभा केला.

जगाने मात्र वेगळे गुण दिले. मार्च २०१७ मध्ये क्राउस वारला आणि बास्केटबॉलच्या सन्मानदालनात त्याची निवड झाल्याची घोषणा त्यानंतर थोड्याच दिवसांत आली. २०२० मध्ये जगभर गाजलेल्या ‘द लास्ट डान्स’ या दहा भागांच्या मालिकेत तो जवळजवळ खलपुरुष ठरला. उत्तर द्यायला तो नव्हता. माझ्या वर्गातली मुलेही तेव्हा त्याच्या नावाने बोटे मोडत होती. आणि जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या संघाने आपल्या जुन्या मानकऱ्यांचा सत्कार केला, तेव्हा क्राउसचे नाव पुकारताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच्या वतीने मान स्वीकारायला त्याची वृद्ध पत्नी आली होती. तिला रडू आवरेना. तिला धीर दिला रॉन हार्परने, ज्याला क्राउसनेच एके काळी संघात आणले होते. वर छताला सहा विजेतेपदांची सहा निशाणे लटकत होती. हुर्यो उडवणाऱ्यांपैकी कोणी मान वर करून ती मोजली असती, तर बरे झाले असते.