कोकणातले झरे तापतात कशाने?

माहीम-केळव्याचा किनारा मागे टाकून पूर्वेला निघालं की पालघर तालुक्यातच कोकनेरचे गरम पाण्याचे झरे लागतात. सातिवली, गणेशपुरी, अकलोली अशी ही रांग दक्षिणेला राजापूरपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर गेली आहे. या झऱ्यांबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : खाली ज्वालामुखी धुमसतो आहे.
वस्तुस्थिती : इथला काळा पाषाण लाव्हारसाचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि केव्हाच निवालेला. भारतात जागृत ज्वालामुखी आज एकच, अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटावर. झऱ्यांचं पाणी मुख्यतः पावसाचं. ते भेगांतून खोल मुरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढतं. तिथे तापलेलं पाणी मोठ्या तड्यांवाटे, फारसं निवायच्या आत वर येतं.

गैरसमज : ज्वालामुखी नाही, तर एवढी उष्णता असणारच नाही.
वस्तुस्थिती : पृथ्वीच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी साधारण निम्मी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी अणूंच्या ऱ्हासातून येते, उरलेली पृथ्वीच्या जन्मापासूनची. हे अणू वरच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये कमी, त्याखालच्या प्राचीन ग्रॅनाइटी खडकांत जास्त. कोयना परिसरात खोल विंधन केलं तेव्हा बेसॉल्टच्या थराखाली असाच खडक लागला. एक घनकिलोमीटर ग्रॅनाइटमध्ये निर्माण होणारी उष्णता साधारण अडीच हजार वॅट, म्हणजे न्हाणीघरातल्या एका गीझरएवढी. पण खडक उष्णता सहज सोडत नाही आणि ऱ्हास अब्जावधी वर्षं चालू राहतो, म्हणून खोलवर ती साठून राहते.

गैरसमज : तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे पाणी तापतं.
वस्तुस्थिती : तारापूरची वीजनिर्मिती १९६९मध्ये सुरू झाली. वज्रेश्वरीच्या उष्ण कुंडांची नोंद मात्र १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्येही आहे. अणुभट्टीत युरेनियमचे अणू फोडण्याची साखळी मुद्दाम चालू ठेवतात. खडकातले अणू आपोआप, एकेकटे ऱ्हास पावतात. तिथे साखळी नसते.

गैरसमज : म्हणजे कुंडातलं पाणी किरणोत्सारी झालं.
वस्तुस्थिती : खडकाची उष्णता पाण्यात आली म्हणून पाणी किरणोत्सारी होत नाही. खडकातून थोडा रेडॉन हा किरणोत्सारी वायू मात्र पाण्यात विरघळू शकतो. उघड्या कुंडातून तो हवेत निघून जातो. अंगावर येणारा धोका वेगळा आहे : रत्नागिरी जिल्ह्यातल्या उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात उतरलं तर भाजतं.

खालची उष्णता माणसाच्या हिशेबाने अक्षय आहे. पाण्याची वाट तशी नाही. कुंडाशेजारी बोअरवेल खणली तर तेच पाणी दुसरीकडे वळू शकतं. झरे टिकवायचे तर कुंडाच्या फरशीइतकंच भोवतालच्या जमिनीकडे आणि तिच्यात मुरणाऱ्या पावसाकडे लक्ष द्यायला हवं.