पळत्या दीर्घिकेला दोर बांधला तर

विश्व प्रसरण पावत आहे, मग त्या प्रसरणातून ऊर्जा काढता येईल का? विश्वशास्त्रज्ञ एडवर्ड हॅरिसन यांनी १९९५ साली यावर शोधनिबंध लिहिला. कल्पना अशी: दूर जाणाऱ्या वस्तूला दोर बांधायचा आणि उलगडत्या दोराने इथलं जनित्र फिरवायचं. विहिरीत उतरणारी घागर रहाट फिरवते, तसं.

पहिला प्रश्न, दोर बांधायचा कुठे? इथेच बहुतेकांची गफलत होते. आपलं घर, सूर्यमाला, आकाशगंगा यांपैकी काहीच प्रसरणाबरोबर फुगत नाही; गुरुत्वाकर्षणाने आणि अणूंमधल्या बंधांनी ते घट्ट धरलेलं आहे. शेजारची देवयानी ही दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा समूह) तर उलट आपल्याच दिशेने येत आहे. तिला बांधलेला दोर सैल पडेल.

म्हणून खूप लांब जावं लागतं. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो. ३२.६ कोटी प्रकाशवर्षांवर तो ७,००० किलोमीटर होतो. उदाहरणासाठी आपण हेच अंतर धरू आणि तिथे एक किलोचा दगड बांधू.

आता दोराला हळूहळू ब्रेक लावायचा. दगडाच्या वेगातली ऊर्जा जनित्रात उतरते. घरच्या वीजमीटरच्या युनिटांत मोजली तर ती साधारण ६८ लाख युनिट भरते. एका किलोमागे हे थोडं नाही, पण ही कमाई एकदाच होते. दगड आपल्या तुलनेत थांबला की संपली.

दगड थांबल्यावर दोर ताणलेला राहील का? अवकाश ताणलं जातंय म्हणजे दोरही ओढला जाणारच, असं सहज वाटतं. ते बरोबर नाही. प्रसरण हे स्वतः बल नव्हे. टमारा डेव्हिस, चार्ल्स लाइनवीव्हर आणि जॉन वेब यांनी २००३ साली हे नीट मांडलं. प्रसरण मंदावत असेल, तर सोडलेला दगड आपल्याकडे येऊ लागतो. वेग बदलत नसेल, तर तो जागीच राहतो. प्रसरणाचा वेग वाढत असेल, तरच दोर ताणलेला राहतो.

आपलं विश्व या तिसऱ्या प्रकारात मोडतं. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून ते कळलं. गेली सुमारे ५०० कोटी वर्षं प्रसरणाचा वेग वाढतो आहे, आणि त्यामागच्या कारणाला कृष्ण ऊर्जा हे नाव आहे. म्हणजे दोर थोडा थोडा सोडत राहिलं तर ऊर्जा मिळतच राहते. मला या सगळ्या कल्पनेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र ही ओढ फार क्षीण आहे. आपल्या दगडावर ती पृथ्वीवरच्या त्याच्या वजनाच्या लाख कोटीव्या भागाइतकी भरते. अंतराबरोबर ती वाढते. सुमारे १,६०० कोटी प्रकाशवर्षांवर विश्वाचं क्षितिज लागतं. त्यापलीकडे आता घडणाऱ्या घटनांचा प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. कृष्ण ऊर्जेखेरीज जवळपास काही उरलं नाही अशा भविष्यातल्या विश्वात, आपल्याजवळून क्षितिजापर्यंत दगड सावकाश सोडला, तर तत्त्वतः त्याच्या वस्तुमानाएवढी सगळी ऊर्जा हाती येते: किलोमागे सुमारे २,५०० कोटी युनिट.

खरी अडचण दोराची आहे. दोरालाही वस्तुमान असतं, त्यामुळे त्याचा प्रत्येक भाग स्वतः बाहेर ओढला जातो. आपल्या अंतरासाठी, निव्वळ स्वतःचा हा ताण पेलायला, तो त्याच वजनाच्या कार्बन तंतूपेक्षा लाखो पट मजबूत हवा. शिवाय ताण प्रकाशापेक्षा वेगाने पुढे सरकत नाही. इथे ब्रेक दाबला, तर दगडाला तो कळायला किमान ३२.६ कोटी वर्षं लागतील.

ही ऊर्जा येते कुठून, असं आपण विचाराल. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण शिकलो तो छोट्या, बंदिस्त व्यवस्थांसाठी. प्रसरण पावणाऱ्या संपूर्ण विश्वाच्या एकूण ऊर्जेचा असा ठरलेला आकडा आइन्स्टाइनच्या सिद्धांतात मांडताच येत नाही. विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश साधारण ३,००० केल्विन तापमानाचा होता, आज तो २.७ केल्विनवर आला आहे. त्याची घटलेली ऊर्जा कोणत्याही दुसऱ्या खात्यात जमा झालेली नाही.