मातांचे मत आणि उमेदवारांची ओवाळणी

माजिवड्याहून कशेळीच्या पुलाकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, ठाणे शहराच्या कडेला, बाळकुम म्हणून गाव आहे. त्यास गाव म्हणावयाचे ते आता केवळ सवयीने. कारण खाडीकाठची कोळी-आगऱ्यांची जुनी घरे, कारखान्यांच्या जागी उठलेले उंच मनोरे आणि रस्त्यात उभे राहिलेले मेट्रोचे खांब ही सर्व आज ठाणे महानगरपालिकेच्या एकाच हद्दीत नांदत आहेत. १५ जानेवारी २०२६ रोजी या महानगरपालिकेच्या १३१ जागांसाठी मतदान झाले, तेव्हा येथेही प्रचाराची धामधूम इतर ठिकाणांप्रमाणेच उडाली. कर्णे वाजले, पत्रके वाटली गेली, आणि दारात उभ्या असलेल्या बाईस 'ताई' किंवा 'माउली' म्हणून हात जोडण्याचा विधी यथासांग पार पडला. आता तो गलबला शमला आहे. म्हणूनच एक प्रश्न शांत चित्ताने विचारण्यास हीच वेळ योग्य आहे, असे आम्हांस वाटते. ज्या माउलीपुढे उमेदवाराने हात जोडले, तिला त्याच्यापासून हवे तरी काय होते?

आमचे उत्तर थोडक्यात असे आहे की, तिला ओवाळणी नको, हिशेब हवा. हे उत्तर का द्यावे लागते, ते पुढे सांगतो.

प्रथम मातेच्या मताचा इतिहास थोडा आठवला पाहिजे. १९२१ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलाने पुरुषांस ज्या अटींवर मत होते त्याच अटींवर ते स्त्रियांसही दिले. परंतु त्या अटी मालमत्तेच्या होत्या आणि मालमत्ता बहुधा पुरुषाच्या नावे असे. तेव्हा हक्क कागदावर आला, स्वयंपाकघरापर्यंत पोचला नाही. सर्व प्रौढ स्त्रियांस मत मिळाले ते स्वतंत्र भारताच्या घटनेने. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता असे आढळून आले की, लक्षावधी स्त्रियांनी आपले नावच सांगितले नव्हते. कोणी 'अमक्याची आई', कोणी 'तमक्याची बायको', एवढीच काय ती नोंद. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचे नाव दिल्यावाचून यादीत ठेवावयाचे नाही असा निश्चय केला, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया मतदारयादीतून गळल्या. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या हे खरे. परंतु धडा सर्व देशास मिळाला. नात्याला मत नसते, मत नावाला असते. निर्णय कठोर होता, पण योग्य होता. पुढे महाराष्ट्र सरकारने असा नियम केला की, १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचे नाव लागावे आणि मग बापाचे. जी बाई एके काळी मुलाच्या नावाने ओळखली गेल्यामुळे यादीतून गळली, तिच्या नावाने आज मूल ओळखले जाते. ही प्रगती लहान नव्हे.

सरकारी दप्तराने हे शिकून घेतले. उमेदवाराने मात्र अद्याप घेतलेले नाही. तो अजून तिला नात्यानेच ओळखू पाहतो. त्यात त्याचा मोठा सोयीचा व्यवहार आहे. एकदा बहीण म्हटले की जे द्यावयाचे ते उपकाराचे होते, आणि घेणारी आपोआप ऋणी ठरते.

जून २०२४ मध्ये राज्याच्या अंदाजपत्रकात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत आहे अशा स्त्रियांस दरमहा १५०० रुपये देण्याचे ठरले. त्याच वर्षी २० नोव्हेंबर रोजी विधानसभेचे मतदान होते. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी २१०० रुपयांचे वचन दिले, विरोधकांनी ३००० रुपयांचे. लिलावात बोली चढावी त्याप्रमाणे बोली चढली. यावर पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ नाक मुरडतात आणि 'बायकांची मते विकत घेतली' असे म्हणून मोकळे होतात. आम्ही त्यांच्या पंगतीस बसणार नाही. ज्या घरात नवऱ्याची मिळकत घरी पोचण्यापूर्वीच निम्मी होते, त्या घरात आईच्या खात्यावर थेट जमा झालेले दीड हजार रुपये म्हणजे मुलाचे दूध आहे, वह्या आहेत, औषध आहे. इंग्लंडात १९४५ साली मुलांच्या संगोपनासाठी कुटुंबांस भत्ता देण्याचा कायदा झाला, तेव्हा मूळ मसुद्यात ही रक्कम बापाच्या हाती द्यावी असे होते. एलिनॉर रॅथबोन या विदुषीने, जिने या एका मागणीसाठी पाव शतकाहून अधिक काळ झगडा केला होता, पार्लमेंटात निकराने विरोध करून ती रक्कम मातेच्याच हाती पडेल अशी व्यवस्था करविली. तेव्हा आईच्या हाती पैसा देणे हे तत्त्व आम्हांस पूर्ण मान्य आहे.

आमचा आक्षेप आहे तो निराळाच. इंग्लंडातील तो भत्ता कायद्याने दिलेला हक्क होता. येथे त्याला ओवाळणीचे रूप दिले गेले. ओवाळणी किती घालावी हे भावाच्या मर्जीवर असते, आणि ती न मिळाल्यास बहिणीचा दावा कोणत्याही कोर्टात चालत नाही. दुसरे असे की, काही वस्तू एकेकटीच्या पैशाने विकत मिळतच नाहीत. दीड हजार रुपयांत घरी औषधाची बाटली येईल. सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका येणार नाही. पाण्याची कळशी येईल. जलवाहिनी येणार नाही. मुलाचे दप्तर येईल. शाळेच्या वाटेवर पादचारी मार्ग येणार नाही. या गोष्टी सर्वांनी मिळून कराच्या पैशातून करावयाच्या असतात, आणि त्यासाठीच तर म्युनिसिपालिट्या निर्माण झाल्या.

येथे कायद्याचे पुस्तक उघडून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. ठाण्यास लागू असलेला महानगरपालिकांचा कायदा १९४९ चा आहे. त्याच्या ६३ व्या कलमात महानगरपालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत. पुरेसे पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, सार्वजनिक रुग्णालये, प्राथमिक शाळा ही त्यांत येतात. ६६ व्या कलमात ऐच्छिक कर्तव्ये आहेत. म्हणजे वाटले तर करावीत, न वाटल्यास राहू द्यावीत अशी. या दुसऱ्या यादीत आरंभीच काय आढळते? प्रसूतिगृहे व बालकल्याणाची केंद्रे, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, अर्भके व शाळकरी मुले यांस दूध पुरविणे! वाचकहो, गटार आवश्यक आणि बाळंतपण ऐच्छिक, अशी ही विभागणी आहे. गटार नको असे आम्ही म्हणत नाही. पण जे ऐच्छिक आहे ते ज्यांच्या इच्छेवर अवलंबून, ते लोक मातांनीच निवडावयाचे असतात. म्हणून उमेदवारास विचारावयाचा पहिला प्रश्न हाच की, बाबा रे, ६६ व्या कलमातले आमचे काम करण्याची इच्छा तुला आहे काय, आणि असल्यास त्यासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम मागशील?

इच्छा असली म्हणजे काय होते हे बाळकुमच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२० साली करोनाच्या साथीत याच परिसरातील एका मोठ्या इमारतीत महानगरपालिकेने सुमारे हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय थोड्या अवधीत उभे केले. आणि ती नसली म्हणजे काय होते हेही शहराने पाहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये महानगरपालिकेच्याच कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. ५०० खाटांच्या त्या रुग्णालयावर केवळ शहराचा नव्हे, तर दूरदूरच्या तालुक्यांचा भार पडत होता. एकाच शहरात, तीन वर्षांच्या अंतराने, या दोन गोष्टी घडल्या. पैसा नव्हता, जागा नव्हती, माणसे नव्हती, या सबबी पहिल्या प्रसंगी कोठे गेल्या होत्या, हे विचारण्याचा अधिकार आईला नाही तर कोणाला?

या दुसऱ्या प्रसंगी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी होती. तेव्हा महानगरपालिकेत नगरसेवकच नव्हते. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मार्च २०२२ मध्ये बाळकुमात जन्मलेल्या एखाद्या मुलाचा विचार करा. त्याचे लसीकरण झाले, दात आले, ते चालू बोलू लागले, अंगणवाडीत जाण्याजोगे झाले. आणि एवढ्या काळात त्याच्या आईस ज्याच्या दाराशी जाऊन 'नळाला पाणी का नाही' म्हणून विचारावे असा एकही लोकनियुक्त प्रतिनिधी नव्हता. स्वराज्याचा अर्थ केवळ परकी सत्ता जाणे एवढाच असता तर गोष्ट निराळी; पण आपला कारभार आपण निवडलेल्या माणसांकरवी चालविणे हा जर त्याचा अर्थ असेल, तर ठाण्याच्या मातांचे चार वर्षांचे स्वराज्य बुडाले असेच म्हटले पाहिजे.

कोणी म्हणेल की, नळ, दवाखाना, शाळेची वाट या बायकी गोष्टी आहेत. राजकारण याहून मोठे असते. या आक्षेपाचे उत्तर मृणाल गोरे यांच्या चरित्राने केव्हाच दिले आहे. गोरेगावच्या वस्त्यांत पाण्यासाठी लढता लढता त्या १९६१ साली मुंबई महानगरपालिकेत निवडून गेल्या आणि लोकांनी त्यांस 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. १९७२ साली त्यांनी व अहिल्या रांगणेकर यांनी हजारो गृहिणींस हाती लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आणले, आणि १९७७ साली त्या लोकसभेत गेल्या. नळापासून निघालेली वाट दिल्लीपर्यंत जाते. उलट दिल्लीच्या गप्पांपासून निघालेली वाट नळापर्यंत क्वचितच येते. बदलापुरात काय झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तक्रार नोंदविण्यास विलंब लागला, आणि २० तारखेस लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले; कित्येक तास गाड्या बंद राहिल्या. शाळेत मुलीबरोबर स्त्री-सेविका असावी, कोणी आतबाहेर केले याची नोंद राहावी, ही मागणी 'बायकी' म्हणून आधी कोणी ऐकली नाही. ती न ऐकल्याचे मोल साऱ्या जिल्ह्याने दिले.

दुसरा आक्षेप असा की, स्त्रियांस २०११ पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखून ठेवल्या आहेत, मग तक्रार कशाची? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्या सुधारणेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु फलकावर बाईचे नाव लहान, तिच्या पतीचे छायाचित्र मोठे, आणि निवडून आल्यावर फोन उचलणारा तोच, असा प्रकार जेथे चालतो तेथे १९५१ ची 'तमक्याची बायको' पुन्हा यादीत शिरली असे समजावे. शिवाय ठाण्यात बहुतेक प्रभागांतून चार-चार सदस्य निवडले जातात. पाणी आले तर चौघांनी आणले, न आले तर चौघांपैकी एकानेही अडविले नाही! दोन घरचा पाहुणा उपाशी. मग चार घरच्याची काय कथा?

म्हणून मातांनी, आणि त्यांच्या वतीने बोलण्यास ज्यांना संकोच वाटू नये अशा आमच्या व्यापारी बंधूंनी, पुढील रीत धरावी अशी आमची सूचना आहे. व्यापाऱ्यास वचनचिठ्ठी समजावून सांगावी लागत नाही. तीवर रक्कम असते, देणाराची सही असते, आणि मुदतीची असल्यास तारीखही असते. नुसते 'देईन' म्हणणाऱ्यास कोणी माल देत नाही. उमेदवाराचे वचनही असेच घ्यावे. काय करणार, केव्हापर्यंत करणार, कोणत्या शीर्षाखालील पैशातून करणार, आणि चौघांपैकी त्याचा जबाब कोण देणार, या चार गोष्टी लिहून घ्याव्यात व तो कागद वस्तीत लावावा. खेड्यात ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे. बाळकुम आज खेडे असते तर तेथील कोळणीस तो हक्क असता. मनोऱ्यांच्या सावलीत आल्याने तो तिला नाही. शहरांसाठी २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. ती आपल्या प्रभागात कधी भरली होती काय, हे वाचकांनीच आठवून पाहावे. निवडून आलेल्यांकडे पहिली मागणी ही सभा भरविण्याची करावी, आणि तो कागद तेथे वाचून दाखवावा.

निवडणुकीत उमेदवार मातेच्या दारी येतो, हे ठीकच आहे. पण मत दिल्यावर देणारीचे काम संपत नाही. तेथून तिच्या वसुलीस आरंभ होतो. जानेवारीत ज्यांनी दारोदार हात जोडले, त्यांच्यापैकी जे सभागृहात बसले आहेत त्यांच्या खात्यावर बाळकुमच्या मातांची बाकी निघते. ती मागण्यास त्यांनी भिऊ नये, आणि देणाऱ्यांनी तिला ओवाळणी म्हणू नये.