सहलीतले खाणे

मे महिन्यात कोकणात किंवा अष्टविनायकाला जाऊन आलेली कुटुंबे माझ्या दवाखान्यात येतात, ती बहुधा उलट्या-जुलाबांसाठी. दोष दर वेळी हॉटेलचाच असतो असे नाही. पहाटे डब्यात भरलेला मसालेभात दुपारी दोनला उघडतात. तेवढ्या वेळात त्यात जंतू वाढून विष तयार होऊ शकते, व ते पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यापेक्षा दशम्या व कोरडी शेंगदाण्याची चटणी न्यावी. हॉटेलात समोर तळलेली भजी (तेलकट खरी!) पातळ चटणी, चिरलेला कांदा व बर्फ यांपेक्षा बरी. जुलाब लागल्यास जलसंजीवनीचे पाकीट वापरावे. ते नसल्यास लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. मूल सुस्तावले, लघवी कमी झाली, तर पुढचा गणपती राहू द्यावा आणि जवळचा डॉक्टर गाठावा.