वस्ताद, सेन्सेई आणि आपली मुले

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या उपनगरांतील सोसायट्यांच्या फाटकांवर, विजेच्या खांबांवर आणि रिक्षांच्या पाठीवर एकच चित्र झळकू लागते. पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण हवेत पाय उडवतो आहे आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रवेश सुरू’. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हे वर्ग शाळांच्या सभागृहांत, इमारतींच्या गच्च्यांवर, मैदानांच्या कोपऱ्यांत, अगदी मंगल कार्यालयांतसुद्धा भरतात. कराटे, ज्यूदो, तायक्वांदो, किक-बॉक्सिंग, इस्रायलहून आलेले क्राव्ह मागा. नावांना तोटा नाही. तांदूळ घेताना चार दाणे तळहातावर घेऊन पाहणारी आपली माणसे मुलाला अशा वर्गात घालताना मात्र फारसे काही पाहत नाहीत. शेजारचा मुलगा जातो, म्हणून आपला जातो. आपल्यापैकी कित्येकांना घरातल्या धाकट्या भावंडांसाठी किंवा स्वतःसाठीच हा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे ही अडचण पूर्वी नव्हती असे नाही, पण ती वेगळ्या रीतीने सुटत असे. गावात किंवा पेठेत तालीम असे. तालमीत मारुती, लाल मातीचा हौदा आणि वस्ताद. वस्ताद कोण, कुणाचा चेला, कसा वागतो, हे सगळ्या आळीला ठाऊक असायचे. पोरगा तालमीतून लंगडत आला तर संध्याकाळी बाप वस्तादाला पारावर गाठून विचारू शकत होता. ओळख हीच हमी होती. उपनगरात सेन्सेई दुसऱ्या उपनगरातून मोटारसायकलवर येतो, तासभर शिकवतो आणि तिसऱ्या उपनगराकडे निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. त्याचे पोट त्यावर आहे. पण जी हमी ओळखीतून आपोआप मिळत होती, ती आता आपल्याला चौकशी करून मिळवावी लागते, एवढे ध्यानात घेतले पाहिजे.

तालमीतली एक गोष्ट मात्र आजही कसोटी म्हणून जशीच्या तशी वापरता येईल, ती म्हणजे ‘जोड’. वस्ताद कधीही कुणालाही कुणाशी भिडवत नाही. वजन, वय, तयारी पाहून तो जोड लावतो आणि जोड विजोड झाली तर बघणारेच ओरडतात. कुठल्याही वर्गात गेल्यावर पहिल्यांदा हेच पाहावे की, मुलांची लढत लावताना शिक्षक जोड पाहतो की नाही.

याचा प्रत्यय मला मुलुंडला मावशीकडे आला. तिचा धाकटा आठ वर्षांचा. त्याच्यासाठी आम्ही तीन वर्ग पाहिले. त्यातल्या एका वर्गात चाळीसएक मुले आणि शिक्षक एकटाच. फरशी उघडी, सतरंजीसुद्धा नाही. दहा वर्षांच्या एका किरकोळ पोराला मिसरूड फुटलेल्या मुलासमोर उभे केले होते आणि ते पोर मार खाऊन रडू लागले, तेव्हा ‘रडतोस काय मुलीसारखा’ असे सर्वांदेखत सुनावले गेले. मुली तिथेच रांगेत उभ्या होत्या! उशिरा आलेल्यांना शंभर बैठका. मावशी म्हणाली, “शिस्त चांगली आहे.” मी तिला म्हटले, “मावशी, ही शिस्त नव्हे, हा धाक आहे. दोन्हींत फरक आहे.” दुसऱ्या वर्गात आम्हाला दारातच अडवले, पालकांना आत बसून पाहायची परवानगी नाही म्हणाले. तिसऱ्या वर्गातील गृहस्थांचा काळा पट्टा धुऊन धुऊन राखाडी झालेला. त्यांनी नव्या मुलांना पहिला अर्धा तास नुसते पडायला शिकवले. मागे पडणे, कुशीवर पडणे, पडताना हनुवटी छातीशी टेकवून डोके वाचवणे, तळहात गादीवर आपटून धक्का वाटून टाकणे. मावशीला ते पाहून पैसे फुकट जाणार असे वाटले. पण विचार केला तर, आयुष्यात त्या मुलावर कुणी गुंड धावून येईल की नाही कोण जाणे. पावसाळ्यात जिन्यावरून, रेल्वेच्या पुलावरून तो घसरणार हे नक्की. धाकट्याला आम्ही तिथेच घातले.

आता पट्ट्यांविषयी, कारण पालकांची सगळ्यांत जास्त फसगत इथे होते. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एका देवळात अवघ्या बारा चटयांवर आपले कोदोकान सुरू केले. कराटे ओकिनावा बेटावरून १९२२ साली टोकियोत आणून ज्यांनी तिचा प्रसार केला ते गिचिन फुनाकोशी. हे दोघेही पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या प्राध्यापकवर्गास सुखावेल. विद्यार्थ्याची तयारी ओळखू यावी म्हणून कानोंनी काळ्या पट्ट्याची पद्धत आणली. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा असे रंगीबेरंगी पट्टे पुढे युरोपात, १९३०च्या दशकात, ज्यूदोच्या वर्गांतून रूढ झाले. म्हणजे ज्या रंगांना आपण प्राचीन पौर्वात्य परंपरा समजतो, त्या परंपरेला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत! काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला जपानी भाषेत ‘शोदान’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘आरंभीची श्रेणी’ असा आहे. बाराखडी संपली, आता वाचायला लागा, एवढाच. तेव्हा ‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्टची खात्री’ अशी पाटी जिथे असेल तिथून पाय काढता घ्यावा. तायक्वांदोत तर पंधरा वर्षांखालील मुलांना कोरियातील कुक्कीवॉन ही मुख्य संस्था पूर्ण ‘दान’ न देता ‘पूम’ नावाची वेगळी श्रेणी देते. वय ही तयारीची एक बाजू आहे हे ते लोक मानतात. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या कमरेला कुठल्या रंगाचा पट्टा आहे असे कुणी विचारले नव्हते.

पट्ट्याच्या पाठोपाठ प्रमाणपत्र येते. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘अखिल विश्व’ अशी भारदस्त नावे असलेल्या संघटना कुणालाही काढता येतात आणि खुल्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धा एखाद्या सभागृहात एका रविवारी उरकता येतात. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पालकांना या कागदांचा मोह पडतो. पण त्या गुणांसाठीचे प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून तपासले जातात आणि तिथे मान्यताप्राप्त स्पर्धाच चालतात. आपले मुंबई उपनगर १९९० सालापासून वेगळा जिल्हा असल्याने त्याचे हे कार्यालयही वेगळे आहे. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांच्या शालेय स्पर्धा तिथून होतात. शिक्षकाची मुले त्यांत उतरतात का, असे सरळ विचारावे. त्यातही संघटनांचे वाद असतातच. २०२० साली जागतिक कराटे महासंघाने भारतातील त्या वेळच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यताच काढून घेतली होती. त्यामुळे भिंतीवरच्या चौकटींपेक्षा शिक्षकाला एक साधा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी: तुम्ही कुणाकडे शिकलात आणि किती वर्षे? खरा शिष्य आपल्या गुरूचे नाव लगेच आणि आनंदाने सांगतो.

कोणती कला निवडावी याचा पालक फार काथ्याकूट करतात. माझ्या मते शिक्षक चांगला असेल तर फरक थोडा पडतो. ज्यूदोत ठोसे-लाथा नाहीत. पकड आणि फेक आहे, पण त्याला चांगली गादी हवीच. कराटेत मूलभूत हालचाली, ‘काता’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरावीक क्रमाने केलेली लढत, आणि मग प्रत्यक्ष लढत ‘कुमिते’ असा क्रम असतो. पहिल्या महिन्यातच कुमितेवर उडी मारणारा वर्ग टाळावा. तायक्वांदोत पायांचे काम अधिक. ज्यूदो १९६४ साली ऑलिंपिकमध्ये आला, तायक्वांदोला २००० साली पदकांचा मान मिळाला आणि कराटे टोकियोच्या स्पर्धेपुरते येऊन पुन्हा बाहेर पडले. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ऑलिंपिकचा विचार करणे म्हणजे बाजारात तुरी! त्या वयाला मला विचाराल तर मल्लखांबच बरा. तो मुळात मल्लांचाच व्यायाम आहे, अंगाला पीळ देतो आणि कुणाशी भांडावे लागत नाही.

लहान मुलांच्या डोक्याला मार बसण्याबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली या विषयावर अहवाल काढला. मुलांनी प्रत्यक्ष आघात नसलेले प्रकारच शिकावेत, असा त्यांचा कल आहे. डोक्यावर घालायच्या गादीदार टोपामुळे मेंदूला बसणारा हादरा टळतो याला पुरावा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे तोच टोप घालून ‘आता मारा बिनधास्त’ म्हणणारे शिक्षक आहेत. लोखंडी पिंजऱ्यातील मिश्र लढतींचे जे वेड आता व्यायामशाळांतून शिरले आहे, ते मुलांसाठी नाही. मान आवळण्याचे आणि सांधा उलटा पिरगळण्याचे डावही नाहीत. वर्गात प्रथमोपचाराची पेटी आहे का, ती उघडल्यावर आत खरोखर काही आहे का, आणि जवळचे इस्पितळ कोणते हे शिक्षकाला ठाऊक आहे का, एवढे विचारायला संकोच वाटू नये.

याहून अवघड प्रश्न विचारताना आपली जीभ अडखळते, म्हणून तोच आधी विचारावा. या विद्येत शिक्षकाला मुलाच्या अंगाला हात लावावा लागतो. कंबर सरळ करायला, हात वळवून दाखवायला. चांगला शिक्षक हे सर्वांदेखत करतो, आधी सांगून करतो आणि कुठल्याही मुलाला एकट्याने ‘खास शिकवणी’साठी बोलावत नाही. दार उघडे असते, पालक बाकावर बसलेले चालतात. परगावच्या शिबिरात मुली असतील तर सोबत बाई असतेच. जिथे पालकांना पाहू देत नाहीत, तिथे कारण कितीही शास्त्रशुद्ध सांगितले तरी मूल घालू नये. म्हणूनच आम्ही मुलुंडचा तो दुसरा वर्ग सोडला. आणि मूल एखाद्या दिवशी ‘मला नाही जायचे’ म्हणाले तर ‘आळशी’ म्हणण्याआधी का ते विचारावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक १०९८ आहे. वर्गाची बदनामी होईल म्हणून गप्प बसणे कायद्यालाही मान्य नाही.

पैशांचे लवकर सांगून टाकतो. महिन्याची फी विचारून थांबू नये, वर्षाचा हिशेब विचारावा. समजा फी आठशे रुपये आहे. वर्षाचे झाले नऊ हजार सहाशे. पण दर चार महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिचे दीड-दीड हजार, गणवेशाचे बाराशे, दोन स्पर्धांचे हजार-हजार. हिशेब सतरा हजार तीनशेवर गेला. हे सगळे आधी सांगणारा शिक्षक महाग असला तरी प्रामाणिक आहे. वर्षाची फी एकदम मागणाऱ्याला महिनाभर मुलाला बसू द्या म्हणावे. आणि अंतराचा विचार खरोखरच करावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा गोखले पूल बंद झाला, तो अंशतः खुला व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. त्या काळात पूर्वेच्या मुलाने पश्चिमेचा वर्ग टिकवणे म्हणजे रोजची द्राविडी प्राणायामच होती. रुळांच्या आपल्याच बाजूचा मध्यम वर्ग पलीकडच्या उत्तम वर्गापेक्षा अधिक काळ टिकतो.

शेवटी आपल्या विद्यार्थिनींविषयी. महिला दिनाच्या सुमारास महाविद्यालयांतून तीन दिवसांची स्वसंरक्षण शिबिरे होतात; फोटो निघतात, मनगट सोडवण्याचा एक डाव शिकवला जातो आणि पुढच्या आठवड्यात तो विसरला जातो. असे प्रशिक्षण व्यर्थच असते, असे मात्र नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या मुलींना एकूण बारा तासांचे शिक्षण दिले, बाकीच्यांना केवळ माहितीपत्रके. पुढच्या वर्षभरात बलात्काराचे प्रमाण दुसऱ्या गटात शेकडा ९.८, तर पहिल्या गटात ५.२ आढळले. बारा तासांत काही कुणी काळा पट्टा मिळवत नाही. शरीराचे डाव त्यात होते. पण त्याबरोबर धोका वेळीच ओळखणे, ओळखीच्या माणसालाही ठामपणे नकार देणे आणि नकार देताना भीड सोडणे हेही होते. शेवटचे आपल्याकडे सर्वांत कठीण, कारण मोठ्याने ओरडू नकोस हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवलेले असते.

तेव्हा जिमखान्याने येत्या वर्षी तीन दिवसांऐवजी दर शनिवारी दोन तास, असे सलग सहा शनिवार ठेवावेत, अशी सूचना करावीशी वाटते. तासही तेवढेच होतात. प्रशिक्षक आणण्यापूर्वी दोन विद्यार्थिनींनी त्यांच्या चालू वर्गात जाऊन तासभर बाकावर बसून यावे. ते बसू देतील तर पुढचे बोलणे करावे.